लांबून आलेला आधी

आमच्या घरात मोठ्याने बोलण्याची पद्धत नव्हती. मेंढरांमागे आयुष्य काढलेली माणसे एकतर माळावरून हाक मारतात, नाहीतर अगदी हळू बोलतात. मधला आवाज त्यांना फारसा लागत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हाक मारणे केव्हाच सोडले होते. वरकुट्याच्या शिवारात कालव्याच्या पाण्याची आशा दिसू लागली, तसा त्यांनी कळप विकून जमिनीचा तुकडा घेतला होता. उरलेली थोडी मेंढरे घरामागे जाळीच्या वाघुरीत असत. दिवसभर शेतात राबून आले तरी आबा आधी तिकडे जात, वाघुरीशी उकिडवे बसत आणि मेंढरांचे रवंथ ऐकत. आई आतून म्हणे, "त्यांचं झालं आसंल तर मानसांचं बी जेवान वाढू का?" मग आबा हसून उठत. बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, पाट्यावर रगडलेला लसणीचा ठेचा आणि मेंढीच्या दुधाचा दाट चहा, एवढ्यावर ते घर चालत होते. त्या चहाचा वास अजून कधी कधी कुठूनतरी येतो आणि मी हातातले काम सोडून बसून राहतो.

कळप गेला, तरी आबांचा एक मान राहिला होता. ओढ्याच्या डोहावर किंवा पाझर तलावावर दोन कळप एकाच वेळी आले आणि आधी कुणी पाजायचे यावरून जुंपली, की माणसे आबांकडे येत. आबा दोघांनाही कुत्री बांधायला लावत, मेंढरे कुठून निघाली ते विचारत आणि ठरलेला न्याय देत: लांबून आलेल्याची मेंढरे आधी. "जवळच्याचं घर हितं हाय," ते म्हणत, "त्यो दमानं पाजंल. लांबचा कुठं जाईल?" या न्यायावर रुसून गेलेला माणूस मी पाहिला नाही. आज ते प्रसंग आठवताना मला दिसते, की ते पाणी कुणाचेच नव्हते. आभाळाने भरलेले आणि सरकारने अडवलेले ते पाणी होते. त्यावर कुणाच्या आजोबांचा घाम पडलेला नव्हता. ही गोष्ट आम्हाला इतकी सरावाची होती, की ती कुणी कधी बोलून दाखवली नाही.

माझा थोरला भाऊ बिरू फौजेत होता. मी त्याला दादा म्हणतो. एकदा तो सुट्टीवर आला आणि पहिल्याच जेवणाला म्हणाला की त्याची पलटण परदेशी जाणार आहे. पुष्कळ देशांनी मिळून एक शांतिसेना उभी केली होती, तिच्यात आपल्याही फौजा होत्या, आणि जो तो आपापला गणवेश ठेवून डोक्यावर मात्र एकाच निळ्या रंगाची टोपी घालणार होता.

"जायचं कुठं म्हणला?" आबांनी विचारले.

"सोमालियात. आफ्रिकेत हाय."

"लढाई हाय तितं?"

"हाय बी आन न्हाय बी. तितली मानसं आपसात लढत्यात. आमी कुणाच्याच बाजूनं लढायचं न्हाय. मधी हुबं ऱ्हायाचं."

आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता थांबली. "मधी हुबं ऱ्हायल्याव दोन्हीकडनं लागंल की रं."

दादा हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी विचारले, "खात्यात काय ती मानसं? शेती हाय?"

"शेती थोडी. उंट, शेरडं, मेंढरं. पावसाच्या मागं हिंडत्यात सारी. पाण्यावनं मुडदे पडत्यात, आसं ऐकलंय."

आबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आरं, मंग ती आपलीच मानसं की!" ते म्हणाले. "भ्यायचं काय त्यात? कुत्री आसली तर बांधायला लावायची. आन लांबनं आलेल्याला आधी पाजायचं. येवढं धरलं की कुणी कुणावर हात उचलत न्हाय. सांग तुझ्या सायबाला."

"सांगतो," दादा म्हणाला. तो थट्टेने म्हणाला असे मला वाटले होते. तो थट्टा करत नव्हता.

मी तेव्हा बारामतीला महाविद्यालयात शिकत होतो आणि दर शनिवारी एसटीने घरी येत होतो. राज्यशास्त्र हा माझा विषय होता. राष्ट्रे एकत्र येऊन युद्ध कसे टाळतात, तह कसे होतात, टिकाऊ शांतता कशावर उभी राहते, हे आमचे सर फळ्यावर चौकटी काढून शिकवत, आणि मी त्या चौकटी वहीत उतरवून घेत असे. त्या चौकटींत माझा भाऊ कुठेतरी उभा आहे, या विचाराने मला फार मोठे झाल्यासारखे वाटे. मनाचा कोपरान् कोपरा तपासून पाहिला, तरी त्या दिवसांत मला त्याची काळजी वाटल्याचे आठवत नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता. काळजी एकटी आई करत होती. ती त्या देशाचे नाव घेत नसे, 'तिकडं' म्हणे. आकाशवाणीच्या बातम्या सुरू झाल्या की चुलीतले लाकूड मागे ओढून ती दाराशी येऊन उभी राही आणि बातम्यांत 'तिकडचं' काही नसले, की न बोलता परत जाई.

अशाच एका रविवारी पणदऱ्याचा जालिंदर आमच्याकडे आला. तो दादाच्याच तुकडीतला. हिवतापाने झिजल्यामुळे त्याला लवकर परत पाठवले होते. गालफडे बसली होती, पण बोलण्याला खंड नव्हता. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि तो चहा न पिताच सांगत सुटला.

"काय सांगू आबा, आमच्या शेजारच्या छावणीत कुठल्या कुठल्या देशाची पोरं! एकाचं बोलनं दुसऱ्याला कळत न्हाय. पर टोपी एक. आमचा ढोरांचा डॉक्टर उंटांना सुई टोचाया गेला की सगळी मिळून उंट धरायची. उंट थुकला की सगळ्या देशांवर थुकायचा!"

आबा हसून हसून खोकले. "आन आमचा बिरू?"

"बिरूदादाला हिरीवर ड्यूटी. दोन भावकीची जनावरं तितं येत्यात. रोज खेटाखेटी. मंग बिरूदादानं सायबाला सांगितलं, आमच्याकडं आसं करत्यात. सायेब म्हनले, करून बघ. आन काय आबा! लांबनं आलेला आधी, जवळचा मागनं. मी निघंपातूर एक गोळी सुटली न्हाय. तुमचा न्याय तिकडं चालला!"

आबा उठले आणि वाघुरीकडे गेले. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता त्ये दिसभर तितंच बसत्यात बघा." जालिंदर जाताना आबांनी त्याला एक कोकरू घेऊन जाण्याचा इतका आग्रह केला, की शेवटी तो हात जोडून म्हणाला, "आवो, यष्टीत कंडक्टर माझं आन कोकराचं दोघांचं तिकीट फाडंल!"

त्यानंतर ती गोष्ट गावभर झाली आणि बारामतीला ती मी नेली. महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय जागतिक शांततेचा होता. बाकीची मुले पुस्तकातले करार सांगत असताना मी वरकुट्याच्या माळावरून सुरुवात केली आणि आफ्रिकेतल्या विहिरीवर आलो. जे मानवी शहाणपण मोठमोठ्या परिषदांना सापडत नाही ते मेंढपाळाच्या काठीला सापडते, अशा अर्थाचे काहीतरी मी म्हणालो आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला पहिले पारितोषिक मिळाले. गेली कित्येक वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवतो. 'शांतिसेनेचे कार्य स्पष्ट करा' हा प्रश्न मुले पाठ करून येतात आणि चांगली उत्तरे लिहितात. त्या धड्यापाशी आलो की माझा आवाज आपोआप उतरतो, असे मुले म्हणतात. मी त्यांना कारण सांगितलेले नाही.

दादा परत आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. तो काळवंडला होता, आणि जेवताना पाण्याचा तांब्या पाटाला चिकटवून ठेवत होता. गावाने त्याचा सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात सतरंजी, नारळ, फेटा, आणि प्रास्ताविकाला अर्थातच मी. मी माझे पारितोषिकाचे भाषण जवळजवळ तसेच्या तसे केले. आबा पहिल्या रांगेत पांढरे पागोटे बांधून बसले होते आणि माणसे वळून वळून त्यांच्याकडे पाहत होती. मग दादाला उभे केले. तो निळी टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "तितं पानी व्हतं. मानसं व्हती. आमी हुबं व्हतो." आणि खाली बसला.

मागून कुणीतरी ओरडले, "आरं, येक तरी बार काढला का न्हाय? का नुस्ती जत्रा बघून आला?" पटांगण हसले. दादाही हसल्यासारखा दिसला. मी त्याच्या शेजारी होतो. तो हसत नव्हता, त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मी ते पाहिले आणि आभारप्रदर्शनाला उठलो.

पुढे थोड्याच दिवसांत आमच्या अंगणात दोन माणसे भांडत आली. एक धुळाबा, आमच्याच नात्यातला, अजून कळप राखणारा. दुसरे बावड्याकडचे हरिभाऊ तात्या. तलावाच्या काठाला त्यांचा टोमॅटो आणि वांग्यांचा मळा होता आणि तलावावर त्यांचे इंजिन बसवलेले होते. त्या साली पाऊस ओढ देऊन गेला होता आणि तलाव तळाला चालला होता.

"ह्याची मेंढरं सारा गाळ ढवळत्यात," तात्या म्हणाले. "इंजान गाळ वडून बंद पडतं. माझी झाडं वाळाया लागली."

"मंग मेंढरांनी काय तुमच्या इंजनाला ईचारून प्यायाचं व्हय, तात्या?" धुळाबा म्हणाला. "माळशिरसाकडनं आलोय म्या. आबा, तुमीच सांगा."

आबा ओट्यावर बसले. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या बसण्यात एक ऐट आली होती. ती मला तेव्हा आवडत असे. "सांगायचं काय त्यात?" ते म्हणाले. "ज्यो न्याय साता समुद्रापल्याड चालला, त्यो हितं चालायला काय झालं? लांबनं आलेला..."

"आबा, चालला न्हाय."

दादा भिंतीला टेकून उभा होता. इतके हळू बोलला, की तात्यांनी "काय?" म्हणून विचारले.

"तिकडं चालला न्हाय त्यो न्याय. जालिंदर आला तवापातूर चालला. मंग मानूस मेला."

आई दारात आली. दादाने ओट्याकडे पाहिले नाही. समोर कुठेतरी पाहत तो बोलत राहिला, आणि ते सगळे त्याने एका दमात सांगितले.

"त्या हिरीवर येक म्हातारा यायचा. रोज. काठावरच्या दगडावर हात ठिवायचा आन आमच्याकडं बघून कायतरी बोलायचा. दुभाषा दुसऱ्या ठाण्यावर. मला वाटायचं, माझा लंबर आधी लावा म्हंतोय. मी हातानं सांगायचो, थांब, लांबचा आधी. त्यो थांबायचा. मंग यायचाच बंद झाला. मला वाटलं, समजला. हीर त्याच्या आज्यानं खांदलेली, आबा. मागनं कळलं. त्यांच्यात ज्याची हीर त्यानं म्हनायचं, या, प्या. त्यानं म्हनलं की पाव्हना. न म्हनता प्याला की चोर. पाव्हन्याला म्या रोज चोर केलं. म्हाताऱ्यानं दम धरला; त्याच्या पोरांनी न्हाय धरला. ज्याला म्या आधी पाजायला सोडलं, त्यालाच गोळी लागली. उंटाची दोरी हातातच व्हती त्याच्या."

"आन तू?" धुळाबाने विचारले.

"हुबा व्हतो. मधीच."

आबांचे हात मांडीवर पडले होते. मला वाटले, ते आता दादाला जवळ घेतील, किंवा म्हणतील की यात तुझा काय दोष. आबांनी यातले काही केले नाही. न्यायाला बसलेला माणूस जसा पुढचा प्रश्न विचारतो, तसे त्यांनी विचारले, "बिरू, आपुन मेंढरं घिऊन सारा मुलूख हिंडलो. कुणाच्या मळ्यातल्या हिरीवर कधी ईचारल्याबिगर पाजली का रं?"

"न्हाय."

"मंग तितं का पाजली?"

"हितं आपुन मेंढरंवालं व्हतो, आबा," तो म्हणाला. "तितं मी फौज व्हतो."

मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत आणि त्यांतली काही मन लावून वाचली आहेत. एका देशाने दुसऱ्याच्या भांडणात कसे जावे आणि कसे जाऊ नये, याबद्दल याहून थोडक्यात कुणी काही सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. तरीही हे वाक्य मी कुठल्याही व्याख्यानात वापरलेले नाही. त्या अंगणात ती गोष्ट सर्वांत सुरेख सांगणारा मी होतो. तिचा तो गोड शेवट मी परस्पर लावून टाकला होता आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या. दादाला मात्र त्या शेवटापुढे फेटा बांधून बसावे लागले होते. त्याने मला त्याबद्दल कधी विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

त्या दिवशी शेवटी तात्यांनीच धुळाबाला विचारले, "चा घ्यायचा का?" पण धुळाबा मान हलवून निघून गेला. त्या भांडणाचा निकाल आमच्या अंगणात लागला नाही. पुढे ते इंदापूरच्या कोर्टात गेले, तलाव आटून गेल्यावरही चालत राहिले, आणि त्या दोन घरांत आजही येणे-जाणे नाही. आबांकडे त्यानंतरही माणसे येत. आबा त्यांना बसवून घेत, पाणी देत, आणि म्हणत, "मला काय कळतंय त्यातलं?" सुरुवातीला लोकांना तो विनय वाटे. नंतर लोक येईनासे झाले. दादाने मात्र शांतिसेनेच्या कामाला कधी नावे ठेवली नाहीत. उपाशी पोरांपर्यंत धान्याच्या गाड्या पोचल्या, उंटांना सुया टोचल्या, बंद पडलेले रस्ते उघडले, हे तो कुणी विचारले तर सांगे. विहिरीचे सांगत नसे.

दादाची सुट्टी संपायच्या आधी पितरपाट आला. आमच्याकडे पितरांना जेवू घालण्याचा विधी साधा असतो. भात, कढी, वडे, भोपळ्याची भाजी. आबा एकेका पूर्वजाचे नाव घेऊन पत्रावळ मांडत आणि मग एक घास कौलांवर कावळ्याला जाई. त्या दिवशी दुपारी आजोबांचे पान मांडून झाले, आजीचे झाले, आणि आबांनी आणखी एक पत्रावळ उचलली.

"ह्ये कुणाचं?" आईने विचारले.

"त्या तिकडच्याचं." आबांचा आवाज कोरडा होता. "माझ्या बोलन्यानं गेला त्यो. त्याला कोन घालनार?"

आई दादाकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काय खायची रं ती मानसं? वडं खात्याल का?"

"दूध पित्यात," दादा म्हणाला. "उंटाचं."

आई आत जाऊन मेंढीच्या दुधाची वाटी घेऊन आली. आबांनी पत्रावळीवर पाणी फिरवले, हात जोडले आणि विचारले, "नाव काय त्याचं?"

"ठावं न्हाय."

"बापाचं?"

"न्हाय ठावं, आबा."

"ऱ्हाऊ दे. नाव न्हाय तर न्हाय. पोचंल त्याचं त्याला." आबा पान मांडायला वाकले, तोच दादाने त्यांच्या दंडाला हात लावला. त्याने वडिलांना असा हात लावलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"आबा, त्याची मानसं हायेत तिकडं. त्यांचा धरम निराळा, रीत निराळी. मेलेल्यासाठी ती काय करत्यात, कुनी करायचं, कुनी न्हाय, आपल्याला काय ठावं? ह्ये पान मांडा म्हनून त्यांनी सांगितलंय का आपल्याला?"

आबांनी वर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता. "मंग ईचार की त्यांना," ते म्हणाले.

भातावरची वाफ गेली. आईच्या हातातली वाटी तशीच होती. आबा पत्रावळ धरून उभे होते. ती मांडावी की आत न्यावी, हे ज्याला विचारावे असे त्या सबंध देशात आमच्या ओळखीचे एकही माणूस नव्हते.